आखूड पायाची मोटार

नावेची जुनी मोटार मेली तेव्हा मधवालीने तिच्यासाठी जेवढी हळहळ केली, तेवढी तिने काही नातेवाइकांसाठीही केली नव्हती. मोटार सहा घोड्यांच्या ताकदीची होती. धूर ओकायची, सकाळी हात दुखेपर्यंत दोरी ओढल्याशिवाय डोळे उघडायची नाही, पण एकदा सुरू झाली की कुणाचं काही न ऐकता आपलं काम करत राहायची. नवऱ्याबद्दलही तिला हेच आवडायचं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मोटारीने त्याच्यामागे इतके दिवस काढले हेच पुष्कळ.

मेकॅनिकने झाकण उघडलं, आत टॉर्च मारली आणि झाकण परत लावलं.

"काही होण्यासारखं आहे का?" तिने विचारलं.

"कुंडी होईल," तो म्हणाला. "माती भरा, झाड लावा."

मधवालीचा धंदा मधमाश्यांचा, म्हणून बाजारात तिला सगळे मधवालीच म्हणत. तळ्याच्या अलीकडच्या काठावर तिचं घर होतं आणि घरामागे माश्यांच्या पेट्या. पलीकडच्या काठावर टेकडी होती, आणि थंडी सरली की ती टेकडी अंगभर फुलायची. त्या फुलोऱ्यावर वर्षाचा निम्मा मध. पेट्या तिकडे न्यायच्या तर रस्त्याने वळसा घालून अर्धा दिवस लागायचा, आणि तो रस्ता असा होता की पोहोचेपर्यंत पोळी मोडून पेटीच्या तळाशी मधाचं थारोळं व्हायचं. पाण्यावरून मात्र पेट्या झोपल्या झोपल्या जायच्या. तेव्हा नाव पाहिजे, आणि नावेला मोटार पाहिजे.

नाव सासऱ्यांनी बांधून घेतलेली. लाकडी, गोल पोटाची, जड. तिच्याशेजारून कुणाची चकचकीत फायबरची होडी सुसाट गेली तरी ती म्हशीसारखी आपल्याच तंद्रीत डुलत राहायची. थंडीत मधवालीने हातोडीच्या दांड्याने नावेची मागची फळी ठोकून पाहिली होती, जिच्यावर मोटार टांगतात ती. टणटण वाजायला हवं तिथे भिजल्या पोत्यासारखा आवाज आला. तिने सुताराला बोलावून फळी नवी करून घेतली. जुन्या फळीला मध्यभागी एक खाच होती, मोटार बसवण्यापुरती. मागून लाट आली की त्या खाचेतून पाणी आत यायचं आणि सगळा प्रवास पायाशी डबा घेऊन उपसत बसावं लागायचं. तेव्हा तिने सुताराला सांगितलं, "खाच नको. सरळ, पूर्ण उंचीची फळी घाल." त्याने तशी घातली. पाणी उपसण्याची कटकट गेली म्हणून ती स्वतःवर खूश होती. स्वतःवर खूश होणं तिला जड जात नसे. दुसऱ्यांवर खूश होणं जमत नसे.

आणि दुसऱ्यांमध्ये पहिला नंबर भाऊजींचा.

भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर. त्यांचा पेठेत फोटोचा स्टुडिओ होता. ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेल्या माणसाला ते 'हनुवटी खाली, खांदे सैल, मन प्रसन्न' असं इतका वेळ सांगत राहायचे की शेवटी फोटोत तो माणूस नुकताच चोरी करताना सापडल्यासारखा दिसायचा. हेच ते सगळ्या जगाला करत. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक पुष्कळ असतात. भाऊजींकडे उंटही नव्हता. त्यांनी आयुष्यात कधी नाव चालवली नव्हती, माशी पाळली नव्हती, ते कधी विहिरीत उतरले नव्हते, पण नाव, माशी आणि विहीर यांवर त्यांचं म्हणणं तयार असायचं. एकदा त्यांनी पेट्यांना काळा रंग द्यायला सांगितला होता, थंडीत ऊब राहते म्हणून. नवऱ्याने भावाचं मन राखायला एका पेटीला दिला. उन्हाळ्यात त्या पेटीतलं मेण वितळून बाहेर आलं. भाऊजी ते पाहून म्हणाले, "रंग हलका लावला असणार."

जायचा तो गेला आणि बोलणारा राहिला, असं मधवालीच्या मनात कधी कधी येई. असं मनात येऊ नये हे तिला कळत होतं. पण भाऊजी समोर बसून बोलायला लागले की पुन्हा यायचं.

मोटार घ्यायची आहे हे कळताच भाऊजी रंगीत माहितीपत्रकं घेऊन हजर झाले. सोबत त्यांची बायको, म्हणजे मधवालीची जाऊ. जाऊबाई हातात कायम काहीतरी विणकाम घेऊन बसायची आणि नवऱ्याच्या बोलण्याकडे, घरावरून रोज जाणाऱ्या ट्रकच्या आवाजाकडे द्यावं तेवढंच लक्ष द्यायची. तेवढ्यापुरता मधवालीला तिच्याबद्दल आदर होता.

"वहिनी, मोटार म्हणजे काही भाजी नव्हे," भाऊजी म्हणाले. "मी येतो दुकानात. बाईमाणूस एकटं पाहिलं की हे लोक टोपी घालतात."

"या," ती म्हणाली. दुकानातून मोटार गाडीत चढवायला कुणीतरी लागणारच होतं.

दुकान काचेचं होतं. मोटारी ओळीने टांगलेल्या, काळ्या, पांढऱ्या, राखाडी, कुणी अजून हातही न लावलेल्या. विक्रेता मुलगा टाय बांधलेला, अंगाला अत्तराचा वास. मधवाली पुढे होती, भाऊजी मागे. त्याने मधवालीच्या खांद्यावरून भाऊजींकडे पाहिलं.

"कोणती बोट आहे, सर?"

"लाकडी," मधवाली म्हणाली.

"किती फुटी, सर?"

"सोळा," मधवाली म्हणाली.

मुलाने भाऊजींकडे पाहून मान डोलावली. भाऊजींनीही डोलावली. दोघांचं अगदी जमलं.

"मग पंधरा घोड्यांच्या खाली मी सुचवणारच नाही. ही बघा, नवीन आलीय. हौशी लोक हीच मागतात, काकू."

'काकू' ऐकून मधवालीने त्याच्या टायकडे पाहिलं. टायवर होड्यांचे छोटे छोटे नांगर छापलेले होते. ह्याने खरा नांगर कधी उचलला असेल तर त्यातला एक खाऊन दाखवीन, असं तिच्या मनात आलं.

"माझी नाव गोल पोटाची आहे," ती म्हणाली. "ती पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. सहा घोडे तिला जेवढं नेतील तेवढंच पंधरा नेतील. फक्त शेपटी पाण्यात बुडवून नेतील आणि दुप्पट पेट्रोल पितील. शिवाय ही पंधराची एकटीने उचलून लावता येईल का मला?"

"ते तर दोन माणसं..."

"मी एकटी असते. मला सहाची दाखवा. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा पाहिजे. धक्के नकोत. माश्या न्यायच्या असतात."

"मासे?" मुलगा म्हणाला. "मग तर काकू, कोल्ड बॉक्ससकट..."

"माश्या. मधमाश्या."

मुलाने पुन्हा भाऊजींकडे पाहिलं, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना याची खात्री करून घ्यायला. भाऊजींनी डोळे मिटून, आहे, पण फारसं नाही, असा चेहरा केला.

सहाची मोटार निघाली. साधी, राखाडी. मधवालीने ती उचलून पाहिली, दोरी ओढून पाहिली, पंखा हाताने फिरवला. मोटार चांगली होती. चांगली वस्तू हातात आली की ती ओळखता यायची तिला.

"शाफ्ट लाँग देऊ की शॉर्ट?" मुलाने विचारलं आणि मग दया येऊन समजावलं, "म्हणजे पाय, काकू. वरच्या मोटारीपासून खालच्या पंख्यापर्यंतची लांबी. मागची फळी उंच असेल तर लांब पायाची लागते. फळी मोजून आणलीय का?"

"जुनी आखूड पायाची होती. सासऱ्यांच्या काळापासून तीच. आखूडच द्या."

इथे भाऊजींना राहवलं नाही. इतका वेळ कुणी त्यांना बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे तोंडाचा पट्टा सुटला तो एकदम. राखाडी रंग पाण्यात दिसत नाही, लाल घ्या, म्हणाले. पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल घातलं की मोटार गार राहते, म्हणाले. पितळी पंखा वेगळा बसवून घ्या, मोटार रात्री घरात आणून कांबळं पांघरा, त्यांच्या एका मित्राच्या मित्राने पांघरलं नाही तर काय झालं, ते सगळं म्हणाले. मधवाली तोवर मनातल्या मनात कोणत्या पेटीत किती चौकटी रिकाम्या आहेत त्याचा हिशेब करत होती. भाऊजी बोलायला लागले की ती असंच काहीतरी काम काढायची.

"आणि वहिनी, पाय लांबच घ्या," भाऊजी म्हणाले. "तुम्ही फळीची खाच बुजवलीत ना. मोटार आता अर्धी वीत वर बसणार."

"भाऊजी," ती म्हणाली, "ती नाव मी रोज पाहते."

ते लगेच गप्प झाले. हा त्यांच्यातला एक गुण म्हणायचा तर गुण होता. कुणी दरडावलं की राग न धरता दुसरीकडे वळायचे. ते वळले आणि काचेच्या कपाटातली एक पितळी शिट्टी न्याहाळत उभे राहिले.

आखूड पायाची मोटार घरी आली.

ती पाण्यात उतरवायच्या दिवशी भाऊजी कॅमेरा घेऊन आले. नावेत फोटो काढायचा तर मोटार दिसली पाहिजे, म्हणून मधवालीच्या शेजारी, अगदी मागे, फळीला टेकून बसले. भाऊजी देहाने भरघोस होते. नाव मागून चांगलीच दबली. मोटार पहिल्या ओढीत सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालू लागली. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. त्यांनी घराजवळच्या पाण्यात दोन फेऱ्या मारल्या. मधवालीला इतका आनंद झाला की भाऊजी 'हनुवटी खाली' म्हणाले तेव्हा तिने खरंच खाली घेतली.

मग फुलोरा आला. मधवालीने आदल्या संध्याकाळी माश्या परतल्यावर सहा पेट्यांच्या तोंडांना जाळी लावली, आणि पहाट फुटताना पेट्या नावेत चढवल्या. नेहमीप्रमाणे पुढे आणि मध्ये, दोरीने घट्ट बांधून. वल्ही मारायच्या बाकावरही दोन ठेवल्या, म्हणजे एकाच खेपेत काम होईल. वल्ही बाजूला पडली होती. मोटार नवी कोरी असताना वल्ह्यांकडे कोण बघतो?

काठाजवळ सगळं छान चाललं. टेकाडाचा आडोसा संपला आणि मोकळं पाणी लागलं तसा वारा आला. वारा काही फार नव्हता. लहान लहान लाटा होत्या, ज्यांना ती एरवी लाटा म्हणालीही नसती. पहिल्या लाटेवर नावेचं तोंड खाली गेलं, शेपटी वर आली, आणि मोटार किंचाळली.

किंचाळलीच. पंखा पाण्यातून वर येऊन हवेत फिरला. नाव जागच्या जागी थांबली. शेपटी खाली आली, पंख्याने पाणी धरलं, नाव दोन हात पुढे गेली, आणि पुढच्या लाटेवर पुन्हा तेच. तिने वेग कमी केला. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा किंचाळी. मोटारीच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते, मोटार गार राहतेय हे त्या धारेवरून कळतं. ती धार तुटली. गरम रंगाचा वास आला. मधवालीने मोटार बंद केली, कारण ती मूर्ख नव्हती, निदान त्या बाबतीत तरी नव्हती.

आता वारा नावेला मागे ढकलू लागला, तळ्याच्या बोट क्लबच्या दगडी बांधाकडे. वल्ही मारावी तर बसायच्या बाकावर पेट्या. तिने पुढची एक पेटी सोडवून मागे सरकवायचा प्रयत्न केला. नाव हेलकावली, पेटी कलंडली, जाळी एका बाजूने सुटली, आणि पन्नासेक माश्या काय चाललंय ते बघायला बाहेर आल्या. एक तिच्या मनगटाला चावली, एक मानेला. तिने पदर दाबून जाळी बसवली आणि पेटीला पाठ लावून बसून राहिली. ऊन वर येऊ लागलं होतं. तोंड बंद केलेल्या पेट्या उन्हात फार वेळ ठेवल्या तर आतल्या माश्या उकडून मरतात. पेट्यांमधला गुणगुणाट चढत चालला होता, आणि तिला तो आवाज कळत होता.

मोटारच खोटी निघाली, असं तिने ठरवून टाकलं. त्या टायवाल्याने खराब माल गळ्यात मारला. काकू म्हणाला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आणि तेवढ्यात तिला हंस दिसला.

बोट क्लबवर सहलीच्या लोकांसाठी पायाने चालवायच्या होड्या होत्या, पांढऱ्या हंसाच्या आकाराच्या. त्यातला एक हंस मान ताठ करून थेट तिच्या रोखाने येत होता. एका बाजूला भाऊजी पॅडल मारत होते, गळ्यात कॅमेरा, कपाळावर घाम. दुसऱ्या बाजूला जाऊबाई मारत होती, मांडीवर विणकामाची पिशवी. बांधावरून पहिल्या खेपेचा फोटो काढायला म्हणून भाऊजी आले होते. नाव उलटी येताना दिसली तसा त्यांनी तो हंस भाड्याने घेतला होता.

मधवालीला वाटलं, यापेक्षा बुडालेलं बरं.

"वहिनी, पेट्रोल संपलं का?" भाऊजींनी लांबून विचारलं.

"नाही."

"नळी वाकली असेल. दोनदा फुंकर मारा."

"भाऊजी, जवळ येऊ नका. माश्या सुटल्यात."

हे ऐकून शहाणा माणूस थांबला असता. हंस येऊन नावेला टेकला. भाऊजींनी एक पाय नावेत टाकला, एक हंसात राहिला, आणि दोन्ही होड्या एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या. क्षणभर त्यांचं पुढे काय होणार हे स्पष्ट दिसत होतं. मधवालीने त्यांच्या पट्ट्याला धरून आत ओढलं.

"आणि मी?" हंसातून जाऊबाईने विचारलं.

"तू ने परत. सोपं आहे."

"तुम्ही मला कुठे कुठे सोडून जाता त्याची आता सवय झालीय," जाऊबाई म्हणाली, आणि एकटीने पॅडल मारू लागली. तिला सुकाणूचं काही माहीत नव्हतं. हंस एका बाजूला वळत वळत मोठा गोल फिरू लागला.

भाऊजी मागे सरकले आणि मोटारीशेजारी धप्पकन बसले, फळीला टेकून, त्या दिवशी बसले होते तसेच. नावेची शेपटी खाली गेली. मधवाली पाहत होती. पंख्याच्या वर मोटारीच्या पायाला एक आडवी पट्टी असते, ती इतका वेळ पाण्याबाहेर चमकत होती. भाऊजी बसले आणि ती पट्टी पाण्याखाली गेली.

ती काही वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिली. मग तिची नजर मागच्या फळीच्या वरच्या कडेकडे गेली. सरळ, सुंदर, नवी फळी, कुठे खाच नाही. तिच्यावर मोटार टांगलेली, जुनी टांगायची त्यापेक्षा अर्धी वीत वर.

अर्धी वीत. दुकानातलं ते वाक्य तिला आत्ता ऐकू आलं, सगळंच्या सगळं, शिट्टीच्या कपाटासकट.

कुणी शहाण्याने सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून फजिती झाली असती तर तिला एवढं वाटलं नसतं. शहाण्यांचं न ऐकण्यात थोडा तरी मान असतो. पण हा माणूस, कांबळं पांघरवणारा, रॉकेल घालायला सांगणारा, याचं एक वाक्य बरोबर निघावं आणि नेमकं तेच तिने उडवून लावावं? कावळा बसला आणि फांदी तुटली म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्याने कारणासकट सांगितलं होतं. खाच बुजवली होती तिने, आणि ते त्याच्या लक्षात होतं.

"मोटारीचा राग उतरला की चालेल ती," भाऊजी म्हणाले. "तोवर एक करा, वरचं झाकण..."

तेवढ्यात त्यांच्या खालच्या ओठाला माशी चावली.

ते काही ओरडले नाहीत. फक्त 'हं' असा आवाज आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मधवालीने त्यांची हनुवटी धरली, नखाने काटा खरवडून काढला. ओठ बघता बघता भाजलेल्या टोमॅटोसारखा फुगला. त्यानंतर पलीकडच्या काठापर्यंत भाऊजींना एक शब्द बोलता आला नाही. तिने दोरी ओढली. मोटार सुरू झाली, धार पडू लागली, पंखा पाण्यात राहिला. लाटांतून नाव शांतपणे चालली. मागे हंस अजून गोल फिरत होता, आणि शेवटी क्लबच्या माणसाला दुसरी होडी घेऊन जाऊबाईला आणायला जावं लागलं.

पलीकडे भाऊजींनी पेट्या उतरवायला मदत केली. त्यांच्या अंगात ताकद होती आणि तोंड बंद असलं की ते चांगले उचलायचे. तिने जाळ्या काढल्या. माश्या आधी थोड्या घुटमळल्या, मग एकेक करून टेकडीकडे गेल्या. सगळ्या पेट्या जिवंत होत्या. तिने भाऊजींच्या ओठाला लावायला ओला रुमाल दिला. ते दगडावर बसून रुमाल धरून टेकडीकडे बघत राहिले, आणि पाठमोरे बसले असताना थेट तिच्या नवऱ्यासारखे दिसले. हे तिच्या आजवर कधी लक्षात आलं नव्हतं, कारण ते कधी गप्प बसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावलं. मोटार दुकानात नेऊन बदलून मागता आली असती, पण त्या टायवाल्याचं तोंड पाहण्यापेक्षा करवत बरी.

"खाच काप," ती म्हणाली.

"बुजवायला तुम्हीच सांगितलंत."

"आणि कापायलाही मीच सांगतेय."

"माझं काय जातंय," सुतार म्हणाला. "लाकूड तुमचं." त्याने खाच कापली, आणि पाणी आत येऊ नये म्हणून आतल्या बाजूने एक आडवी फळी ठोकली. ही फळी आधीच ठोकली असती तर एवढं रामायण झालं नसतं, हे तिने मनात म्हटलं आणि सुताराला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला मधवाली एकटी गेली. वारा जास्त होता. मोटार एकदाही किंचाळली नाही.

आता एवढ्यावर हे मिटवता आलं असतं. भाऊजींना काही कळलं नव्हतं. मोटार आपण बसलो म्हणून चालली हेही त्यांना माहीत नव्हतं. पण मधवाली ज्यांचा तिरस्कार करायची त्यांत दुसऱ्याचं श्रेय गिळणारे लोक बरेच वरच्या नंबरावर होते, आणि त्या यादीत आपलं नाव घालणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने मधाची एक बरणी घेतली आणि स्टुडिओत गेली.

भाऊजी दिवे नीट लावत होते. ओठ उतरला होता. जाऊबाई टेबलाशी बसून ओळखपत्राचे फोटो कापत होती. बाहेरच्या बाकावर एक गिऱ्हाईक कॉलर नीट करत बसलं होतं.

"भाऊजी, मला एक सांगायचंय," मधवाली म्हणाली. वाक्य तिने वाटेत तयार केलं होतं. "मोटारीबद्दल तुम्ही बरोबर होतात. मी चुकले."

भाऊजींचा चेहरा उजळला. "मी म्हणालोच होतो. लाल रंग..."

"रंगाचं नाही. पायाचं. तुम्ही दुकानात म्हणालात, लांब पायाची घ्या. खाच बुजवलीय, मोटार वर बसेल. तसंच झालं. मी ऐकायला हवं होतं."

भाऊजींनी दिवा खाली ठेवला आणि विचार केला. प्रामाणिकपणे विचार केला, हे तिला दिसत होतं.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "लांब पाय मी कशाला सांगेन? लांब पाय गवतात अडकतो. मी आखूडच म्हणत होतो."

"तुम्ही लांब म्हणालात. शिट्टी बघत उभे राहिलात त्याच्या आधी."

"शिट्टी आठवते मला. छान होती. पण पायाबद्दल मी बोललोच नाही. मी काय म्हणत होतो, पंधराची घ्या. सहा घोड्यांना ओझं झेपलं नाही, म्हणून बंद पडली. मी बसल्यावर चालली कशी, तर मी झाकणावर हात ठेवला होता. त्याला युक्ती लागते."

"भाऊजी, तुम्ही बसलात म्हणून शेपटी खाली..."

"मनाला लावून घेऊ नका," भाऊजी प्रेमाने म्हणाले. "चूक सगळ्यांची होते."

मधवालीने जाऊबाईकडे पाहिलं. जाऊबाईने कात्री थांबवली नाही.

"ताई, इतक्या वर्षांत एकदा ते बरोबर होते," ती म्हणाली, "आणि तेही त्यांना मान्य नाही."

भाऊजींचं तोवर पुढे सुरू झालं होतं. टेकडीवर पेट्यांची तोंडं वाऱ्याकडे करू नका, म्हणाले. सकाळी उन्हाकडे करा, म्हणजे माश्या लवकर उठतात. वरच्या बाजूला दगड ठेवा, पण काळा नको. पाणी उथळ भांड्यात ठेवा आणि भांड्यात काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. आठवड्यातून एकदा पेटीशी हळू आवाजात बोला.

यातलं काही खरं असेल आणि काही भिकार असेल. कुठलं कुठलं ते ओळखायचं तर सगळं ऐकावं लागणार होतं. मधवाली जायला निघाली होती. ती दाराशी थांबली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. बाहेरच्या गिऱ्हाइकाने कॉलर पुन्हा एकदा नीट केली आणि आत डोकावून विचारलं, वेळ लागेल का?

"लागेल," मधवाली म्हणाली.